भासऱ्यांची सोबतीण

हसायचं तं आत्ताच हसून घ्या बाबा, मंग तोंडातला चहा सांडन तुमचा! माझ्यासारखी बावळट बाई साऱ्या चांदा जिल्ह्यात नसन. आन् हे मी नाई म्हणत. रेल्वेच्या टीसीनं भरल्या डब्यात म्हटलं!

आमचे भासरे, म्हणजे मालकाचे थोरले भाऊ. लहानपणी तापात नजर गेली. डोळे दिसाले चांगले टपोरे, पण दिसत काईच नाई. हात मात्र असे, का बांबूची टोपली विणली तं तिच्यात पाणी भरून ठेवा! नागपूरच्या आंधळ्या पोरांच्या एका शाळेत विणकाम शिकवाले माणूस पाहिजे होता. तिकडून निरोप आला, सोमवारी दुपारी येऊन हात दाखवा, नाई आले तं दुसरा माणूस ठेवतो. जन्मभर भावाच्या घरी जेवलेल्या माणसाले आपली कमाई म्हणजे काय, सांगा बरं! झोप उडाली होती त्याईची.

आन् नेमकी मालकाले मिलमधून सुटी भेटेना.

"तू घेऊन जाय दादाले," ते म्हणाले. "आंधळ्या माणसाले रेल्वेत सवलत आहे, आन् संगच्या सोबत्यालेही. डॉक्टरचा दाखला आहे. तुले फक्त सांभाळून न्यायचं."

"मी? भासऱ्याले?"

अहो, आमच्यात भासऱ्याले तोंड दाखवाचं नाई, त्याच्यासमोर आवाज काढाचा नाई, नाव घ्याचं नाई. आन् शिवाचं तं नाईच नाई! मंग सांभाळू कशी, डोंबल?

"काठी आहे ना," मालक म्हणाले. "एक टोक तू धर, एक दादा धरन."

झालं! बल्लारशाच्या फलाटावर मी हनुवटीपर्यंत पदर ओढला. दिसे काय? माझ्या पायाचे अंगठे! गाडी कोणती, डबा कोणता, भासरे रुळावर गेले तं मालकाले तोंड काय दाखवू? दोन पावलं टाकली आन् धाडकन हातगाड्यावर आदळली. उठली, तं खांबावर! भासऱ्यांनी गुमान काठी फिरवली, पुढचं टोक आपण घेतलं आन् आवाजाच्या अंदाजानं निघाले. मी मागं मागं!

एक हमाल ओरडला, "अरे भाऊ, त्या आंधळ्या माऊलीले जरा हळू ने ना!"

आता सांगावं कसं? भासऱ्यासमोर आवाज काढू? चूप राह्यली.

डब्यात एक म्हातारी बसली होती. "सरका रे, सरका! आंधळी बाई आहे. बस माय. कुठी जाऊन राह्यली?"

मी चूप.

"अगे माय, मुकीबी आहे!"

साऱ्या डब्यानं च्च च्च केलं. कोणी शेंगदाणे दिले, कोणी केळं दिलं. आन् भासऱ्यांले? उभं ठेवलं! म्हणे, धडधाकट माणूस आहे, राह्यते उभा!

चांदा गेलं आन् टीसी आला. दाखला वाचला, मले पाह्यलं, परत दाखला वाचला.

"हा तर पुरुषाचा दाखला आहे. आंधळी तर बाई आहे!"

"साहेब, आंधळा मी आहो," भासरे म्हणाले.

"मी फलाटावर पाहिलं ना! पुढं तुम्ही, मागं ही. दुसऱ्याच्या दाखल्यावर बायकोला फिरवता?"

"बायको नाई साहेब, भावजय."

"वा! आता भावजय झाली!"

म्हातारी माझ्या बाजूनं उठली. "साहेब, बाई खरीच आंधळी आहे. मुकीबी आहे. मी सोता पाह्यलं!"

घ्या! एवढी साक्ष पुरे होती. "वरोऱ्याला उतरा दोघंही," टीसी म्हणाला. "जे सांगायचं ते स्टेशन मास्तरांना सांगा."

वरोऱ्याले उतरलं म्हणजे नागपूरची दुपार गेली. नोकरी गेली! भासऱ्यांनी नमुन्याले आणलेली टोपली तेवढी पोटाशी धरली. पदराखालून मले त्याईचे हात दिसले. टोपलीची कड चाचपून राह्यले होते.

मंग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे! पदर असा मागं फेकला आन् उभी राह्यली.

"ओ साहेब! मले लख्ख दिसते! तुमच्या कोटाचं मधलं बटन तुटलं, तेबी दिसते! आंधळे हे आहेत. डोमाजी सीताराम! माझे भासरे!"

घेतलं बाई नाव! भर डब्यात! जीभ झडते का काय, वाटलं.

म्हातारीनं हात जोडले. "मुकी बोलली! आंधळीले दिसलं!"

टीसीनं आधी बटन चाचपलं, मंग दाखल्यावरचं नाव पाह्यलं. "मग तोंड कोणापासून झाकलं होतं?"

"यांच्यापासून."

"आंधळ्यापासून?"

"भासरे आहेत ना!"

त्यानं कपाळाले हात लावला. "बाई, नोकरीत आंधळे पुष्कळ पाहिले. तुमच्यासारखी बावळट पहिलीच!" आन् दाखला देऊन, म्हातारीले सरकवून, भासऱ्यांले बसवून गेला.

नागपूरले वेळेवर पोचलो. शाळेच्या मोठ्या बाईसमोर भासऱ्यांनी बसल्या बसल्या सुपाचा काठ असा बांधला, का त्या बाईनं दुसऱ्या कोणाले बोलावलंच नाई. नोकरी पक्की!

शाळेच्या ओसरीवर बसलो. नाव घेतलं, तोंड दाखवलं, आता राह्यलं काय? मी सरळ बोलली.

"भाऊजी, लग्न झाल्यापासून तुमच्यासमोर पदर ओढून राह्यली मी. एकदा तरी म्हणाचं ना, बाई, मले दिसत नाई, राहू द्या!"

भासरे म्हणाले, "पदर होता का तो? घरात सारख्या चौकटीले धडकता, मले वाटे तुमचीबी नजर अधू आहे. मी तं तुमच्या मालकाले म्हणणारच होतो, बाईचाबी दाखला काढून टाक, सवलत भेटते."