बरोबरची खूण

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा चाकणच्या कंपनीत पार्ट तपासतो आणि पास झालेल्या पार्टवर पिवळ्या मार्करने बरोबरची खूण करतो. बायकोची केमो संपली, की तीच खूण तो तिच्या हातावरच्या पट्टीवर करतो.

“यांनी अजून रिजेक्ट नाही केलं बरं का मला,” ती अख्ख्या वॉर्डाला सांगते, “रिवर्कला टाकलंय, दुरुस्त करून परत घ्यायला.”

आता आम्ही दर खेपेला भेटतो. पण माझ्या पहिल्या केमोच्या दिवशी ती उलट्यांनी पार गळून गेली होती. त्या दिवशी पट्टीवर त्याची खूण वाकडी आली.

“चालतंय,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “त्या ताईंना मात्र सरळ काढा. त्यांची पहिलीच वेळ आहे.”

सकाळपासून सुईच्या धाकाने आखडून घेतलेला हात मी आपणहून त्याच्या मार्करपुढे केला.