आईच्या पायाला गार लागलं

मंडळी, भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि देवाशीही माझं फारसं बोलणं नाही. अबुधाबीत एका बांधकाम कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. पायात बूट नसलेल्या माणसाला गेटच्या आत सोडायचं नाही, हे माझं काम. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

आई व्हिजिटवर आली होती. तिला मधुमेह आहे आणि गेल्या काही वर्षांत दोन्ही तळपायांची जाणीव गेली आहे. मागच्या उन्हाळ्यात गावी देवळाच्या तापलेल्या फरशीवर ती अनवाणी चालली. पाय पोळले तरी तिला कळलं नाही. जखम चिघळली आणि पायाची करंगळी काढावी लागली. पुन्हा असं झालं तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून इथे आल्यापासून मी तिच्या चपलांवर पोलिसासारखी नजर ठेवून होतो.

एप्रिलमध्ये आम्ही सर बनी यास बेटावर गेलो — मी, आई आणि माझी लेक इरा. बायकोला सुट्टी मिळाली नाही. अबुधाबीहून रुवैसच्या दिशेने गाडीने जायचं, मग बोट. बेटावर हरणं आहेत म्हणून इरा खूश, आणि तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या चर्चचे अवशेष आहेत म्हणून आई खूश. आईचं माहेर म्हापशाजवळचं. फेस्ताला, म्हणजे तिथल्या जत्रेला, चर्चमध्ये जाऊन सायबिणीला देवीसारखं तेल वाहणारी बाई ती, चर्च म्हणजे तिच्या लेखी देऊळच!

तिथे उरलंय काय, तर बुटक्या भिंती आणि खोल्यांच्या खुणा. आमचा केरळी गाइड मात्र हौशी होता. इथे सापडलेले गिलाव्यातले क्रूस, द्राक्षांच्या वेली, सगळं टॅबवर मोठं करून दाखवत होता. आई म्हणाली, "हात बघ रे त्या कारागिराचा! एवढ्या वाळवंटात द्राक्षं काढली त्याने." मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात साइटवरून फोन आला, म्हणून मी गाइडच्या गाडीच्या सावलीत जाऊन बोलत राहिलो.

"पप्पा! आजी इज वॉकिंग बेअरफुट!"

वळून बघतो तर कुंपणाशी चपला नीट जोडीने काढून ठेवलेल्या. आणि आमच्या मातोश्री पदर खोचून, हात जोडून चर्चला प्रदक्षिणा घालतायत! ऐन दुपारचं ऊन... मी फोन कट करून धावलो. वाटेत खाली हात टेकवून पाहिला, तर चटका बसून लगेच मागे घ्यावा लागला. मागच्या वर्षीचं ते हॉस्पिटल, ते रोजचं ड्रेसिंग, सगळं डोळ्यांसमोर आलं.

मी पोचेपर्यंत तिची प्रदक्षिणा पूर्ण झाली होती. तिला सावलीत बसवलं आणि पाय मांडीवर घेतले. तळवे थंड होते. आणि ओले... ओली वाळू चिकटलेली होती त्यांना.

"आई, अगं काय केलंस हे? भाजलं असतं ना!"

"कसं भाजेल? तो पाणी शिंपडत होता की पुढे पुढे. आपल्याकडे उन्हाळ्यात देवळात शिंपडतात तसं. छान गार लागलं रे पायाला."

"तो कोण?"

"मला काय माहीत! पाठमोरा होता. मी पायाखाली बघून चालत होते."

गाइड गोंधळून म्हणाला, "सर, यहाँ अपने सिवा कोई नहीं है. पानी की लाइन भी नहीं है." इराचं लक्ष सगळा वेळ आजीकडेच होतं, पण तिलाही कुणी दिसलं नव्हतं. आई चालली ती वाट कोरडी ठणठणीत. आता त्या उन्हात पाणी काय टिकणार म्हणा... पण आलं कुठून?

फोड उशिरा येतात, म्हणून पुढे रोज टॉर्च लावून तिचे तळवे बघितले. एक फोड नाही. मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, तर टोचलेलंही तिला कळलं नाही, पूर्वीसारखंच. मग त्या दिवशी गार कसं लागलं?

अपघात झाला की त्याचं कारण शोधायचं, ही माझी नोकरी. इथे अपघात झालाच नाही आणि मी कारण शोधत बसलो होतो! सापडलं नाही. आता शोधतही नाही. आई दोन्ही पायांवर घरभर फिरते, किचनमध्ये बायकोशी मिठावरून वाद घालते, ते ऐकूनही मला भरून येतं. उपकार कुणाचे मानायचे ते ठाऊक नाही, पण मानतो... अगदी मनापासून.

परवा आई म्हणाली, "तिकडे परत एकदा नेशील का रे?"

मी म्हटलं, "आता काय मागायचंय?"

"मागायचं काय? एवढ्या उन्हात त्या माणसाने जवळचं सगळं पाणी माझ्या पायांखाली घातलं. आपण त्याला घोटभरसुद्धा विचारलं नाही."