बँडच्या पुस्तकाचं बाइंडिंग

युनिफॉर्म धुवायला काढला की खिशातून काय काय निघतं! सुपाऱ्या, बडीशेप, कोणाच्या तरी लग्नातला अर्धा पेढा. किस्स्यांचंही तसंच. जमवायचे म्हणून कोणी जमवत नाही, पण खिसा भरलेला असतो. मी घाटंजीच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. पण आमचे सगळ्यात भारी किस्से वाजवण्याचे नाहीत, पुस्तकाच्या बाइंडिंगचे आहेत!

झालं असं, की आमचे देविदास मास्तर आजारातून उठले आणि पहिल्याच वरातीत मधेच थांबले. तोवर सगळी गाणी तोंडपाठ असलेला माणूस! "पुढचं आठवून नाही राह्यलं," एवढंच म्हणाले. आम्ही कोणी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मग त्यांनी आठवेल तितकं सगळं सारेगममध्ये लिहून काढलं, कॉम्प्युटरवर टाइप करून प्रिंट मारल्या आणि प्रत्येकाला एक गठ्ठा दिला.

"मी विसरलो तरी बँड नाही विसरला पाह्यजे," म्हणाले.

आता गठ्ठा धरून ठेवायचा कसा?

*

आधी कोपऱ्याला पिन मारली. एप्रिलचा वारा, भर बाजारातून वरात. पिना सुटल्या, पानं उडाली. ज्याच्या हाताला जे लागलं ते तो वाजवायला लागला. नवरदेव मंडपाच्या दारात, आणि आमचा ट्रम्पेटवाला बाबाराव पाठवणीचं गाणं वाजवून राह्यला!

नवरीची आई घाबरून बाहेर आली. "अवो, अजून वरात दारात हाय, अन् पोरगी चालली बी?"

*

मग स्पायरल. चालताना पुस्तक ठेवायचं कुठे? मास्तरांनी डोकं लढवलं. पुढच्या माणसाच्या पाठीवर दोरीनं लटकवायचं, मागच्यानं वाचायचं. माझं पुस्तक बाबारावच्या पाठीवर.

मी पान उलटलं. बाबारावला वाटलं कोणीतरी हाक मारतंय. तो मागे वळला. त्याच्यासोबत पुस्तकही वळलं! मी पुस्तकामागे पळत त्याच्या पाठीशी गेलो, पान उलटलं, तो पुन्हा वळला. तेवढ्यात स्पायरलच्या तारेचं टोक माझ्या सोनेरी झालरीत अडकलं. मग काय, फुलसावंगीच्या चौकात आम्ही दोघं गोल गोल!

पुढच्या आठवड्यात तिथून फोन आला. "मास्तर, आमच्या इथंही तो गिरकीवाला आयटम पाह्यजे."

*

लॅमिनेशनही करून पाहिलं. पाणी लागत नाही, फाटत नाही. पण बोरी अरबला भर दुपारी बारा वाजता नुसता चकचकाट, अक्षर दिसेना! मास्तरांनी पान तिरपं केलं, मग आम्हीही सगळ्यांनी केलं. सगळा उजेड गेला नवरदेवाच्या तोंडावर. बिचारा डोळे मिटून घोडीवर बसलेला.

सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "पोराच्या तोंडावर काय तेज हाय! अन् मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन राह्यला!"

*

शेवटी मास्तर रज्जाकभाईकडे गेले. रज्जाकभाई म्हणजे जुना बाइंडर. शिवण, पक्का पुठ्ठा, वरून लाल कापड. पुस्तक उघडलं की सपाट बसतं, पान मिटत नाही. मास्तर त्यावरून किती वेळ हात फिरवत राहिले.

पण त्याच लाल कापडात त्याच आठवड्यात एका नव्या गुरुजींची पोथीही बांधली होती. आणि दोन्ही पुस्तकं आली एकाच मंडपात, एकाच टेबलावर, अन् झाली अदलाबदल!

पहिलं मंगलाष्टक गुरुजींना पाठ होतं. दुसऱ्याला त्यांनी पुस्तक उघडलं. एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा मंडपाकडे. सगळे अक्षता घेऊन उभे. गुरुजींनी डोळे मिटले आणि मंगलाष्टकाच्या चालीत सुरू केलं, "ध ध नी साऽऽ, ग रे साऽऽ..."

मास्तरांनी कान टवकारले. हे तर आपलं! सवयीनं हात वर गेला आणि आख्खा बँड सुटला. अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, हार घातले गेले, टाळ्या झाल्या.

गुरुजी मात्र अजून पुस्तकातच. पानाच्या तळाशी मास्तरांनी ठळक लिहिलं होतं: 'पुन्हा पहिल्यापासून.'

"अंतरपाट धरा!" गुरुजी ओरडले.

"काहून? काही चुकलं काय?" नवरदेवानं विचारलं.

"पुस्तकात लिहिलं हाय!"

पुस्तकापुढे कोण बोलणार! हार काढले, अंतरपाट वर गेला, पुन्हा "ध ध नी सा", पुन्हा बँड, पुन्हा अक्षता, पुन्हा हार.

जेवणाच्या पंगतीत मास्तर शरमून नवरीजवळ गेले. "पोरी, माफ कर. माह्या पुस्तकापायी तुले दोनदा उभं रहा लागलं."

नवरी खाली मान घालून हसली. "राहू द्या मास्तर. पहिल्या खेपेला भेवानं डोळेच मिटले होते. दुसऱ्या खेपेला नीट पाहून हार घातला."