निळ्या गाडीतला उशीर

बोलता बोलता त्या उजवा पाय जमिनीवर दाबायच्या. टाच जागच्या जागी, चवडा हळूच खाली. मग मान थोडी कलती करून कशाची तरी वाट बघायच्या.

"दाबलं... नाई आली... नाई आली... हं, आता आली. भाऊ, हे मधातलं काढून टाकाचं आहे."

पहिल्यांदा मला वाटलं, बाईंच्या पायात गोळा आला असेल. मी स्टूल पुढे सरकवला. त्यांनी त्यावर हातातली पिशवी ठेवली आणि पिशवीतून एक जळकट पाइप काढून माझ्यासमोर धरला.

चंद्रपूरला माझं लेथचं दुकान आहे. तुमच्या गावातही असं एखादं असेलच. दारात लोखंडाचा कीस, आत तेलकट अंधार, आणि कुणी पंपाचा बुश तर कुणी ट्रॅक्टरची पिन घेऊन बसलेलं. तिथे गाडीची हौस घेऊन येणारं माणूस क्वचितच, आणि बाई तर त्याआधी कधीच नाही.

त्या कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात इंजिनिअर होत्या. भट्टीला हवा पुरवणारे मोठाले पंखे त्यांच्या ताब्यात होते. गाव पोंभुर्णा, आई तिकडेच. इथे आमच्या मागच्या गल्लीत त्या एकट्या राहत. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, पायात कारखान्याचे जाड बूट किंवा घरच्या रबरी चपला. तिसरं पादत्राण मी पाहिलं नाही. सगळी गल्ली त्यांना मॅडम म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. लग्नाचं कुणी काढलं तर "जमलं नाई" एवढं सांगून त्या पुढच्या विषयाला लागत, आणि पुढचा विषय बहुतेक निळी गाडी हाच असे.

गाडी एका कंत्राटदाराची होती. दोन दारांची, बसकी, टर्बोवाली स्पोर्ट्स कार. पुढून ठोकल्यावर त्याने ती आपल्या आवारातल्या कडुनिंबाखाली ताडपत्री घालून टाकून दिली होती. मॅडम रोज कंपनीच्या रस्त्याने जाताना ती ताडपत्री बघायच्या. एक दिवस आत जाऊन त्यांनी सौदा केला आणि गाडी ट्रकवर घालून घरी आणली. अंगणात गाडी उतरली तेव्हा गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला जमल्यासारख्या जमल्या होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, हिच्यात मागं कोण बसते?"

"कोणीच नाई," मॅडम म्हणाल्या.

"मंग आईले कुठी बसवाल?"

"पुढं."

पत्रा, रंग, रेडिएटर हे सगळं वर्षभरात झालं. खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. टर्बो म्हणजे काय ते मॅडमनी मला चहा पिता पिता समजावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो दुसऱ्या पंख्याला फिरवतो आणि दुसरा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तर ताकद जास्त. पण पाय दाबल्यावर धूर वाढायला आणि पंख्याने वेग घ्यायला वेळ जातो. तोवर गाडी नुसतं ऐकून घेते, आणि मग एकदम धक्का मारते.

"फुंकणी लांबलचक अन् ढिली असली तं तुमची फूक जाळापर्यंत पोचाले टाइम लागते ना," त्या म्हणाल्या. "तसंच होऊन राह्यलं हिचं."

नागपूरकडची काही हौशी मंडळी वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर दरवर्षी गाड्या पळवायची. खांब मांडून वळणावळणाचा रस्ता करायचा आणि एकेका गाडीची वेळ मोजायची. मॅडम मला सोबत घेऊन गेल्या. त्यांची गाडी सरळ पट्ट्यात बाणासारखी सुटली, पण प्रत्येक वळणानंतर अडखळली. वळण संपलं की पाय दाबायचा, वाट बघायची, आणि धक्का आला की गाडी सावरायची. त्यांच्या गटात त्या सगळ्यात शेवटी आल्या. पांढरी टोपी घातलेला एक गृहस्थ अगदी मायेने म्हणाला, "मॅडम, ही गाडी सरळ रस्त्याची आहे. हिला वळणं झेपायची नाहीत. शोभेला ठेवा."

परतताना गाडी लादलेल्या ट्रकमध्ये आम्ही ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसलो होतो. अर्ध्या वाटेत त्यांनी मागच्या काचेतून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शोभेले ठेवाची असती तं कडुनिंबाखाली काय वाईट होती?"

त्या दिवसापासून माझ्या दुकानातली एक कायमची जागा त्यांची झाली.

आधी त्यांनी गळती शोधली. हवेच्या नळ्या काढून, दोन्ही तोंडं बंद करून, आत हवा भरून वरून साबणाचं पाणी सोडलं. एका जोडावर बारीकसा फेस आला. मॅडम त्या फेसाकडे वाकून अशा बघत राहिल्या, जणू बाळाला दात आला आहे. मग नळ्या आखूड केल्या. मोठा टर्बो काढून लहान, हलका फिरणारा बसवला. "कमाल ताकद कमी होईल ना?" मी विचारलं. "होऊ द्या. उशिरा येणाऱ्या ताकदीचं काय करू?"

आमचं भांडण झालं ते फ्लायव्हीलवरून. इंजिनाच्या मागे बसणारं हे जड चाक हलकं केलं की इंजिन चटकन वेग पकडतं. त्यांनी ते माझ्या लेथवर चढवायला लावलं. मी कडेकडेने माल काढत गेलो. एका जाडीला आल्यावर मशीन बंद केलं.

"अजून घ्या," त्या म्हणाल्या.

"नाई घेत."

"काऊन?"

"हे फुटलं तं तुमच्या पायाजवळ फुटते. मी नाई घेत, मॅडम. दुसऱ्या दुकानात न्या."

त्यांनी चाक उचललं, पिशवीत टाकलं आणि निघून गेल्या. दोन दिवसांनी परत आल्या, त्याच जाडीचं चाक घेऊन. हिशेब करून पाहिला होता. "तुमी थांबले तिथंच थांबाचं होतं," एवढंच म्हणाल्या. नागपूरहून त्याचा तोल तपासून आणला आणि बसवलं.

त्यानंतर पिस्टन वितळला. लॅपटॉप जोडून त्या इंजिनाचं पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बदलत होत्या, त्यात कुठेतरी पेट्रोल कमी पडलं. इंजिन खोललं तेव्हा पिस्टनच्या डोक्याला भोक. मला वाटलं, आता संपलं. मॅडम तो पिस्टन घेऊन दाराशी उजेडात गेल्या. भोकातून बोट घालून पाहिलं. डोळे भरले होते, ते मी पाहिलं. मग बाहीने नाक पुसून म्हणाल्या, "मी घाई केली. नवीन पिस्टन लावू, अन् या बाऱ्या थोडं थोडं जाऊ."

नवीन पिस्टन आले, बसले. त्याच महिन्यांत माझ्या लक्षात येऊ लागलं की मॅडम धडकतात. माल पकडायच्या लोखंडी वाइसच्या कोपऱ्यावर कंबर आपटायची. बाजूने चहाचा ग्लास पुढे केला तर त्यांना दिसायचा नाही. समोर आणला की घ्यायच्या. मला वाटलं, डोक्यात गाडी आहे म्हणून. संध्याकाळ झाली की त्या लवकर घरी जाऊ लागल्या.

एक दिवस आल्या आणि गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टरकडे जाऊन आली," त्या म्हणाल्या. "डोयाचे पडदे खराब होऊन राह्यले. दोन्ही बाजूचं दिसणं कमी झालं. समोरचं आहे अजून. पण वाढत जाईल म्हणते."

मी विचारलं, "औषध?"

"नाई. गाडी चालवू नका म्हणाले. बरोबर आहे त्यायचं. बाजूनं लेकरू आलं तं मले दिसणार नाई."

"मग गाडी?"

"गाडी होईल. मी नाई चालवणार, एवढंच."

एवढंच, असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या. पाय जमिनीवर होता, पण दाबला नाही. मी लेथ चालू केलं नाही. शेवटी त्याच उठल्या. त्या दिवसानंतर मॅडमनी रस्त्यावर कुठलंच वाहन हातात घेतलं नाही. कारखान्यात कंपनीच्या बसने जात आणि आईकडे लाल बसने.

त्या लाल बसमध्येच त्यांना ड्रायव्हर सापडली. गडचिरोलीकडची पोरगी, पस्तिशीच्या आसपासची, पोंभुर्ण्याची फेरी करायची. मॅडम तिच्या मागच्याच सीटवर बसायच्या आणि कठड्यावरून तिच्या पायांकडे बघत राहायच्या. चार-पाच फेऱ्या झाल्यावर त्या पोरीनेच विचारलं, "बाई, माया पायात काय दिसून राह्यलं तुमाले?"

मॅडमनी तिला सुट्टीच्या दिवशी सरळ माझ्या दुकानात आणलं. निळी गाडी तेव्हा दुकानासमोर उभी होती. ती आत बसली, स्टिअरिंग धरलं आणि हसू लागली.

"बाई, मले साठ लोकं मांगं घेऊन चालवाची सवय. हिच्यात बसलं तं जमिनीवर बसल्यावानीच वाटते."

"साठ लोकायले न हलवता तुमी वळणातून नेता. मले तेच पायजे," मॅडम म्हणाल्या.

खाणीजवळच्या एका मोकळ्या मैदानाची परवानगी मॅडमनी मिळवली. तिथे सराव सुरू झाला, आणि एक नवीच अडचण निघाली. गाडी पुन्हा अडखळू लागली. मी सगळे जोड तपासले, कुठे गळती नाही. मॅडम तिच्या शेजारी डोळे मिटून बसल्या, हात डॅशबोर्डवर. पाच-सहा चकरा झाल्यावर उतरल्या.

"गाडीत काई नाई," त्या मला म्हणाल्या. "मी उशिरा दाबत होती अन् जोरात दाबत होती. ही लवकर दाबते अन् हळू दाबते. म्या सारी ताकद पाय अर्ध्याच्या खाली दाबल्यावर यावी अशी ठेवली आहे. तिचा पाय तिथं जातच नाई."

"मग तिला सांगा जोरात दाबायला."

"काऊन सांगू? तिचा पाय चांगला आहे."

पुढचे कित्येक रविवार त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेऊन काढले. स्वतःच्या पायासाठी दोन वर्षं खपून बसवलेलं सगळं एकेक करून पुसायचं आणि दुसरीच्या पायासाठी नव्याने बसवायचं. मी जवळून पाहिलं, म्हणून सांगतो, सगळ्यात अवघड काम ते होतं. पिस्टनच्या वेळी जसं त्यांनी बाहीने नाक पुसलं होतं तसं काही इथे झालं नाही. त्या फक्त विचारत, "आता?" ती म्हणे, "आता जराशी बरी." पुन्हा बदल, पुन्हा चक्कर. एका रविवारी ती वळणातून बाहेर आली, थांबली आणि म्हणाली, "बाई, आता ती माया मनातलं आयकून राह्यली." मॅडमनी लॅपटॉप मिटला.

धावपट्टीवर दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मॅडम आमच्या नंबराची वाट बघत ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या होत्या. इंजिन बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. समोरचं त्यांना दिसत होतं. नाव पुकारलं तशा त्या उतरल्या, हेल्मेट तिच्या डोक्यावर घातलं, पट्टा स्वतः आवळला.

"काई सांगाचं आहे का, बाई?" तिने विचारलं.

"साठ लोकं बसले आहेत असं समजा."

पहिल्या फेरीत तिने एक खांब पाडला. दुसरीत जपून चालवली, वेळ गेला. तिसऱ्या फेरीत मी घड्याळाकडे न बघता मॅडमकडे बघत होतो. त्यांनी धावपट्टीकडे पाठ केली होती. लांबवर गाडी वळणात शिरली की आवाज दबायचा आणि बाहेर पडताक्षणी भरून यायचा. मध्ये काही नाही. प्रत्येक वळणावर त्या मान हलवत होत्या, हो, हो, असं.

आमच्या गटात गाडी दुसरी आली. पांढऱ्या टोपीवाला गृहस्थ बॉनेट उघडायला लावून बराच वेळ आत बघत राहिला. "हे चाललं कसं?" त्याने विचारलं. मॅडमनी त्याला नीट, पहिल्यापासून सांगितलं. साबणाच्या पाण्यापासून. शोभेचा विषय काढला नाही. ड्रायव्हर पोरगी मात्र एका बाजूला बसून डबा खात होती, दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्यूटी होती तिला.

पुढच्या वर्षी मॅडमची नजर आणखी आकसली. त्यांनी नोकरी सोडली, आईकडे गेल्या, गाडीही सोबत नेली. आता त्या नागपूरला असतात, कमी दिसणाऱ्यांना कामं शिकवणाऱ्या एका संस्थेत. आईही सोबत असते. फोनवर बोलणं होतं. माझ्या दुकानात त्या स्टुलावर आता गिऱ्हाइकं बसतात.

त्या नागपूरला जायच्या आधी मी एकदा पोंभुर्ण्याला गेलो होतो. संध्याकाळची वेळ, जंगलातून गुरं परतत होती. धुळीत मागून एक निळी गाडी येताना दिसली. रस्त्यावर आणायची म्हणून मूळचा सायलेन्सर परत चढवलेला, त्यामुळे आवाज जवळजवळ नव्हताच. बसवाली पोरगी चालवत होती. शेजारी मॅडम आणि त्यांच्या मांडीजवळ अंग चोरून बसलेली म्हातारी आई, एकाच सीटवर दोघी. पुढे सगळा रस्ता गाईंनी भरलेला. पोरीने हॉर्न वाजवला नाही. गाडी गाईंच्या चालीने चालत होती, एकदाही न अडखळता, इतकी हळू की शेवटची एक कालवड मागे वळून बॉनेट हुंगायला लागली. आईने सांगितलं असावं, कारण मॅडमनी काच खाली केली आणि हात बाहेर काढून हवेत चाचपला. कालवडीने आपण होऊन तोंड त्या हातापाशी आणलं.