माउंट आयझा ते बर्ड्सव्हिल : सव्वा तास

"सावंतताई, तुमचा सव्वा तास संपायचा तरी कधी?"

दहा वाजत आले होते. कुवेतच्या खैतान भागातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात रफीकभाई माझ्या काउंटरला टेकून उभे होते. ते शुऐबा बंदरावर क्रेन सुपरवायझर, त्यामुळे साधं बोलले तरी अख्ख्या ऑफिसला ऐकू जातं. त्यांची बायको, शाहिदाभाभी, पहिल्यांदाच एकटी निघालेली, तीही ऑस्ट्रेलियाच्या पार आतल्या भागात. मुलगी नाजनीन बर्ड्सव्हिल नावाच्या चिमुकल्या गावात नर्स. उद्यापासून तिची ड्युटी सुरू, आणि चार महिन्यांचं बाळ भाभींच्या भरवशावर. शेवटचा टप्पा माउंट आयझाहून छोट्या विमानाने. हुकलं तर पुढचं विमान तीन-चार दिवसांनी. ते विमान सुटून तीन तास होत आले, तरी पोचल्याचा फोन नव्हता.

तिकीट काढताना रफीकभाईंनी विचारलं होतं, "हा शेवटचा टप्पा लांब आहे का हो? आपल्या इथलं शुऐबा ते अम्गरा एवढं?"

"त्याच्या नऊपट," मी ऐटीत म्हणाले. नकाशावर सरळ रेघ ओढली, सहाशेच्या आत किलोमीटर आले. विमानाच्या वेगाने भागलं. सव्वा तास! वर भाभींना बजावलं, "विमान टेकलं की उतरायचं. घाबरायचं नाही."

कुवेतमध्ये देशातल्या देशात विमानच नाही. इथून बसायचं, मुंबईला उतरायचं. मधे विमान कुठे थांबतं, ही गोष्टच मी एकोणीस वर्षांत विसरून गेले होते.

आता टाइमटेबल उघडलं. त्यात 'स्टॉप्स' असा एक रकाना असतो, म्हणजे मधले थांबे. तिथे दोनचा आकडा होता. आधी बूलिया, मग बेडूरी, मग बर्ड्सव्हिल. वेळ दुपटीहून जास्त. अहो, आमची कुडाळची एसटीच की ही!

म्हणजे भाभी बूलियाला उतरल्या असणार. मीच सांगितलं होतं ना!

"अरे देवा," मी म्हणाले आणि रफीकभाईंना सगळं खरं सांगून टाकलं. ते खुर्चीत बसले. "तिला इंग्रजी येत नाही हो, ताई." पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला कान देऊन ऐकावा लागला. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं वाटून गेलं.

आमचे मॅनेजर मॅथ्यूसर केबिनमधून आले. "सावंत, टाइमटेबल पहले खोला था?"

"नाही सर."

ते रफीकभाईंसाठी चहा सांगून गेले. भाभींचा फोन बंदच, नाजनीनचाही लागेना. मी बूलियाच्या विमानतळाचा नंबर शोधत होते, तेवढ्यात रफीकभाईंचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. भाभी, मांडीवर बाळ!

"उतरले होते मी पहिल्या ठिकाणी, बॅग घेऊन," भाभी सांगत होत्या. "पण नाजनीन कुठे दिसेना. ती मला कधी ताटकळत ठेवायची नाही. म्हटलं, गाव चुकलं. परत चढून बसले. दुसऱ्या वेळी नुसतं दारातून वाकून बघितलं."

"आणि तिसऱ्या वेळी?" मी विचारलं.

"तिसऱ्या वेळी उभीच होती ना ती, बाळाला घेऊन!"

रफीकभाईंचा आवाज परत आला. शेजारच्या सलूनमधला माणूससुद्धा बघायला आला.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला किलोमीटर मी नंतर सांगते. आधी विमानाचं दार किती वेळा उघडणार, ते सांगते. आणि न्यायला कोण येणार, तेही विचारून घेते.