तिसरा नंबर

सरांनी माझं आडनाव दोनदा वाचलं. मग चष्मा वर करून विचारलं, "कोणाचं बघून लिहिलंस?"

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा सराव पेपर होता तो. आम्ही त्याला मॉक म्हणतो. रविवारच्या मॉकवर सोमवारी क्लासमधल्या जागा ठरतात. वरच्या नंबरांना पुढची खोली, शिकवायला खुद्द मोठे सर. खालच्यांना मागची खोली आणि पडद्यावर व्हिडिओ. मी मागं होते तोवर माझ्या मार्कांवर कुणाला शंका आली नाही. त्या सोमवारी तिसरी आले आणि सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं.

"माझंच लिहिलंय, सर."

"मग उद्या सगळ्यांसमोर नवा पेपर सोडव. एकटीनं."

वरच्या दोघांना असं काही सांगितलं नाही. पहिला आलेला डॉक्टरांचा मुलगा हसत म्हणाला, "तुला कशाला टेन्शन? तुमचं तर कमी मार्कांत पण होतंय." पोरं खिदळली. सरही हसले. माझे कान तापले. कमी पडले तर कोट्याची, जास्त पडले तर कॉपीची. आम्ही नेमके पाडायचे तरी किती?

घरी पडेगावला पप्पा वाळूजच्या कंपनीतली ड्युटी करून आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "दे की परत. येतंय ना तुला? मोठ्या माणसासंग वाद घालू नाय." त्यांनी जन्मभर असंच निभावून नेलं. त्यांचा राग नाही आला. पण मला ते जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फळ्याजवळ एकच खुर्ची. समोर सगळी बॅच. मी बसले नाही.

"आम्ही तिघंबी देणार असू तर देते. एकटी नाय देणार."

"मग मागच्या खोलीत जा. असल्या ताठ्यानं कॉलेज मिळत नसतं."

"मॉकनं पण नाय मिळत, सर. मॉकनं नुसतं बाकडं मिळतं."

दप्तर उचलून मागं गेले. चांगलं शिकवणं हातचं गेलं, त्याचं वाईट वाटतंच.

परीक्षा अजून व्हायची आहे. ती मी देणार. सगळे देतील त्याच दिवशी, सगळे देतील तोच पेपर. फॉर्मवर जात माझ्या हातानं लिहीन, हक्काची सीट मागून नाही, हक्कानं घेईन. पण माझी अक्कल खरी आहे हे पटवायला कुणाच्या फळ्यापुढं उभी राहणार नाही.