डांबरावर पळणारी, रानात चालणारी

सोलापुरात पंपाच्या दुकानात आम्ही तिघंच. मालक शिवाप्पाअण्णा, व्यंकटेश आणि मी. पण किस्से तीनशे माणसांना पुरतील एवढे! कारण आमचा धंदाच तसा. पंप विकून सुटका नाही, तो बंद पडला की शेतकऱ्याच्या रानात हजर व्हायचं. जाताना हातात पाना असायचा. येताना पाना कधीमधी विहिरीवर राहायचा, किस्सा मात्र बरोबर यायचा. आणि सत्तरच्या दशकात मी पहिली मोटारसायकल घ्यायला निघालो, तेव्हा तर विचारू नका!

*

सुरुवात झाली मोहोळजवळच्या नामदेवतात्यांपासून. सकाळी त्यांचा निरोप आला, "पंप बसलाय, या." मी एसटीनं निघालो. पहिली गाडी भरलेली, दुसरी वाटेत बंद पडली. फाट्यावर उतरलो आणि खांद्यावर सामान घेऊन पांदीनं, बैलगाडीच्या वाटेनं, चालत सुटलो. पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तात्या विहिरीच्या काठावर बसले होते.

"या सायब. पंप बघायचा का? बघा की! तुमची वाट बघून बघून हिरीतलं पानी बी गेलं!"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला समोर बसवलं. "सुधाकर, रब्बीच्या आत गाडी घे. नाहीतर रानातलं काम व्यंकटेश बघेल, तू काउंटरवर बस."

काउंटर! दिवसभर पंख्याखाली नटबोल्ट मोजायचे! मला रान हवं होतं, विहिरी हव्या होत्या. मी म्हटलं, "घेतो!"

पण कुठली घेतो? मोहोळपर्यंत डांबर, पुढं पांदी, त्याच्या पुढं नांगरट. दोन्हीकडं चालणारी गाडी तेव्हा कुठल्या दुकानात मिळत नव्हती. आणि मला स्वतःला सायकलपलीकडं काही चालवता येत नव्हतं!

*

व्यंकटेशचं घर विणकरांचं, तेलुगू. त्याच्या मामाकडं एक काळी, जाडजूड गाडी होती. व्यंकटेश तिच्यावर फिदा.

"सुध्या, घ्यायची तर अशी! आवाज ऐक! बाळीवेशीत सुरू केली की सात रस्त्याला लोक बाजूला होतात!"

मी ऐटीत वर बसलो. पाय खाली सोडले, तर नुसते अंगठे टेकले. गाडी डावीकडं कलली, मी डावीकडं कललो. व्यंकटेशनं पळत जाऊन दोन विटा आणल्या आणि दोन्ही बाजूंना ठेवल्या.

"झालं की! आता टेकतायत."

"अरे, मी विटा घेऊन फिरू का?"

"दोनच तर आहेत!"

*

तरी हौस दांडगी. मैदानावर पहाटे शिकवणी सुरू झाली. पहिला गिअर पडला, क्लच सुटला आणि गाडी निघाली. काय वाटलं सांगू! कानात वारं, छातीत धडधड! एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला आठवलं, की थांबायचं कसं हे विचारायचंच राहिलंय!

अण्णा फिरायला आलेले. ते कन्नडमधून ओरडले, "निल्लिसो, निल्लिसो!" व्यंकटेश तेलुगूत, "आपु, आपु!" जोर काढणारे पैलवान मराठीत, "आरं थांब की!" मी गोल गोल फिरतोय. शेवटी पेट्रोल संपलं, तेव्हा कुठं थांबलो.

अण्णा धापा टाकत आले. "तीन भाषांत सांगितलं की रे!"

"अण्णा, मला तिन्ही कळल्या. गाडीला एकही कळली नाही!"

*

थांबायला शिकलो. मग काळी गाडी घेऊन थेट मंगळवेढ्याच्या रानात. डांबरावर तर राणी होती! मागं व्यंकटेश बसून, "बघ, बघ कशी जाते!" असं सगळ्या गावांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणत होता. पण आदल्या दिवशी सर पडून गेलेली आणि तिथली जमीन काळी, चिकट. बांध ओलांडला आणि गाडी शांतपणे खाली बसली. चाकं दिसेनात. आम्ही दोघांनी रेटली, तर आमचेही पाय दिसेनात.

शेजारच्या रानातून एक बाई आल्या. कमरेवर हात ठेवून गाडीकडं बघत राहिल्या.

"ही गाडी हाय का म्हस? बसली की उठंना!"

शेवटी त्यांच्याच बैलांनी ओढून काढली. परतीच्या वाटेवर व्यंकटेश मागं बसून पायांचा चिखल खरवडत राहिला.

*

मग कळलं, माढ्याकडं एका गुरुजींना गाडी विकायची आहे. गुरुजींचा गुडघा गेला होता. आम्ही गेलो, तर पडवीत चादरीखाली गाडी, आणि काकूंनी समोर पोहे ठेवलेले. मुलगी बघायला गेल्यासारखंच!

चादर काढली. तांबडी, हलकी, टू-स्ट्रोक. गुरुजी रोज ओढा ओलांडून शाळेत जायचे, म्हणून गावच्या लोहाराकडून त्यांनी सायलेन्सर वर उचलून घेतला होता. पुढचा मडगार्ड उंच केलेला, टायर खोल नक्षीचे. व्यंकटेश कुजबुजला, "सुध्या, हा उंट आहे!"

मी बसलो. दोन्ही पाय सपाट जमिनीवर!

गुरुजी म्हणाले, "उतरा." आणि त्यांनी सरळ गाडी आडवी पाडली! "आता उचला. एकट्यानं. नवा माणूस पडणार. जी उचलता येते, ती आपली."

मी वाकलो, हँडल धरलं, उचलली. ओढ्यातून घातली, वाळूत पडलो, पुन्हा उचलली, पलीकडं निघालो. पलीकडच्या काठावरून मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "हीच! हीच!"

निघताना गुरुजी टाकीवरून हात फिरवत राहिले. डोळे भरून आले त्यांचे. काकू मला म्हणाल्या, "सावकाश न्या हो. आमच्या लेकीला सासरी लावून देताना बी हे रडले नव्हते!"

*

आता शेवटचा किस्सा. रब्बी सुरू झालेली, मी तांबडीवर स्वार. मंगळवेढ्याकडच्या एका गावातून पंपाचा निरोप आला. आडवाटेनं पांदीतून सुसाट निघालो, वळण घेतलं आणि एकदम उजेडात आलो. बघतो तर दोन्ही बाजूंना माणसंच माणसं! गावची जत्रा, बैलगाड्यांची शर्यत, आणि मी शर्यतीच्या धावपट्टीवर!

माझ्या पुढ्यातच बापू नावाच्या शेतकऱ्याची जोडी उभी होती. दरवर्षी निशाण पडायचं आणि ही जोडी उभीच राहायची, अशी तिची ख्याती. मी ब्रेक दाबणार, तेवढ्यात निशाण पडलं. मागनं दुसऱ्या फळीतल्या गाड्याही सुटल्या! थांबावं तर त्या अंगावर येणार. मी घाबरून थ्रॉटल पिळला. वर उचललेला सायलेन्सर बैलांच्या पाठीमागं असा काही तडतडला, की बापूची जोडी शेपट्या वर करून उधळली!

पुढं बैल, मागं मी! धूळ, शिट्ट्या, आरोळ्या! बापू गाडीत उभा राहून ओरडतोय, "आरं पळाली! माजी पळाली!" खालून ढेकळं, वरून गुलाल. तांबडी उड्या मारतेय, पण पडत नाही! बापू पहिला आला.

दुसरा आलेला आप्पा भांडायला उठला. "ह्यो काय न्याय? बैलाला काठी लावायची न्हाय, आसं ठरलं हुतं!"

म्हाताऱ्या पंचांनी बैलांच्या पाठी निरखून बघितल्या. मग म्हणाले, "काठी कुटं लावली? फटफटीचं कायच ठरलं न्हवतं. नंबर बापूचा!"

बापूनं आपल्या डोक्याचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि पंप दुरुस्त करून मी फेट्यासकट सोलापूरला आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो, तर पायरीवर आप्पा बसलेला! अण्णांनी सावधपणे विचारलं, "पंप पाहिजे का पाहुणे?"

"पंप हाय. फुडच्या जत्रंला ही फटफटी आमच्या मागं सोडा."

"आणि बापूचं काय?" मी विचारलं.

आप्पा उठला, धोतर झटकलं.

"त्येच्या फुडं हुबी करा की!"